मोठ्या डेटाबेससाठी सर्व्हर मंचाची निवड

मोठ्या डेटाबेससाठी सर्व्हर मंचाची निवड म्हणजे मोठा डेटाबेस (विदागार) ज्या यंत्रसामग्रीवर आणि ज्या संचालन प्रणालीवर चालवायचा, त्या जोडीची निवड होय. प्रोसेसरचा प्रकार, मेमरी, साठवणीची साधने, दोन संगणककेंद्रांमधील जोडणी, संचालन प्रणाली आणि त्या सर्वांना मिळणारा उत्पादकाचा आधार यांचा एकत्रित विचार तीत केला जातो. सर्वांत वेगवान यंत्र घेणे हा या निवडीचा मुख्य प्रश्न नसतो. कामाचे स्वरूप कोणते, यंत्र बंद पडल्यास किती वेळ आणि किती माहिती गमावणे परवडेल, आणि पुढे तो मंच सोडावा लागल्यास माहिती बाहेर कशी काढता येईल, हे तीन प्रश्न अधिक निर्णायक ठरतात. यंत्राचे आयुष्य साधारणतः ५ ते ७ वर्षांचे असते. जमीन, बँक खाती, आरक्षणे किंवा नागरिकांची ओळख यांच्या नोंदी मात्र अनेक दशके टिकवाव्या लागतात. त्यामुळे महत्त्वाचा डेटाबेस आपल्या पहिल्या यंत्रापेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक काळ जगतो.

संकल्पना

यंत्रसामग्री आणि संचालन प्रणाली यांच्या जोडीला 'मंच' असे म्हणतात. एक्स८६ प्रोसेसरवरील लिनक्स, एक्स८६वरील विंडोज सर्व्हर, आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवरील एआयएक्स, स्पार्कवरील सोलारिस, इटॅनियमवरील एचपी-यूएक्स आणि मेनफ्रेमवरील झेड/ओएस ही मंचांची परिचित उदाहरणे आहेत. ओरॅकल, डीबी२, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल इत्यादी डेटाबेस आज्ञावल्या या मंचांपैकी एका किंवा अनेक मंचांवर चालतात.

'मोठा' हा शब्द सापेक्ष आहे. माहितीचे एकूण आकारमान, एका सेकंदात होणारे व्यवहार, एकाच वेळी जोडलेल्या वापरकर्त्यांची संख्या आणि प्रणाली बंद राहण्याची किंमत अशा चार अंगांनी तो ठरतो. आकाराने लहान असलेला डेटाबेसही व्यवहारांच्या दृष्टीने मोठा असू शकतो. रोखेबाजारातील खरेदी-विक्रीच्या मागण्यांची चालू यादी हे त्याचे उदाहरण होय.

महासंगणक आणि डेटाबेस सर्व्हर यांत गल्लत होऊ नये. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने अर्थात सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेला परम ८०००, किंवा पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये कार्यान्वित झालेला प्रत्यूष, हे प्रचंड आकडेमोडीसाठी घडवलेले संगणक आहेत. हवामानाचे गणित अर्धवट थांबले तर ते मागील टप्प्यापासून पुन्हा सुरू करता येते. डेटाबेसमध्ये एकदा 'झाला' असे कळवलेला व्यवहार परत मागता येत नाही. म्हणून डेटाबेस सर्व्हरच्या रचनेत आकडेमोडीच्या वेगापेक्षा मेमरी, साठवण आणि अचूकता यांना प्राधान्य असते.

इतिहास

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रारूप मांडले आणि त्याच दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत त्यावर आधारित प्रायोगिक प्रणाली उभी राहिली. आरंभीचे मोठे डेटाबेस मेनफ्रेमवर आणि पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्ससारख्या लघुसंगणकांवर चालत. १९९० च्या दशकात युनिक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्या आणि प्रत्येक उत्पादकाचा स्वतंत्र प्रोसेसर अशा जोड्या प्रचलित झाल्या. सनचा स्पार्क, एचपीचा पीए-रिस्क, आयबीएमचा पॉवर आणि डिजिटलचा अल्फा हे त्यांतील प्रमुख होत.

एक्स८६ यंत्रे त्या काळी ३२-बिट असल्याने एका आज्ञावलीला ४ गिगाबाइटपेक्षा अधिक मेमरी थेट वापरता येत नसे. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरने ही मर्यादा दूर केली. ओरॅकल १९९८ मध्येच लिनक्सवर उपलब्ध झाले होते; २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हरही लिनक्सवर आला. यामुळे ६४-बिट एक्स८६ आणि लिनक्स ही जोडी नव्या डेटाबेससाठी सर्वसाधारण निवड बनली. पॉवर आणि मेनफ्रेम हे मंच मुख्यतः बँका, विमा कंपन्या आणि जुन्या मोठ्या प्रणाली यांत टिकून आहेत.

निवडीचे निकष

कामाचे स्वरूप

डेटाबेसचे काम ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. पैसे भरणे किंवा तिकीट काढणे यांसारख्या कामांत प्रत्येक व्यवहार मोजक्या ओळींना स्पर्श करतो, परंतु असे हजारो व्यवहार एकाच वेळी चालतात. येथे लहान, विखुरलेली वाचने व लेखने जलद होणे महत्त्वाचे असते. वार्षिक अहवाल किंवा विश्लेषण यांत मोजक्या चौकशा कोट्यवधी ओळी सलग वाचतात. तेथे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते हे महत्त्वाचे ठरते. ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर लादल्यास अहवालाच्या दिवशी व्यवहार मंदावतात. त्यामुळे अहवालांसाठी वेगळी प्रतिकृती ठेवण्याची पद्धत आहे.

प्रोसेसर

एक व्यवहार सहसा एकाच गाभ्यावर चालतो. त्यामुळे गाभ्यांची संख्या वाढवल्याने एकाच वेळी होणारे व्यवहार वाढतात, मात्र एकेका व्यवहाराला लागणारा वेळ कमी होत नाही. तो प्रत्येक गाभ्याच्या वेगावर अवलंबून असतो. अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची जवळची मेमरी असते आणि दुसऱ्या प्रोसेसरकडील मेमरी वाचण्यास अधिक वेळ लागतो. या कारणाने चार प्रोसेसरचे यंत्र दोन प्रोसेसरच्या यंत्राच्या दुप्पट काम करेलच असे नाही.

मेमरी

मेमरीतील माहिती सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते. एनव्हीएमई प्रकारच्या घन-अवस्था डिस्कवरून ती मिळण्यास सुमारे १०० मायक्रोसेकंद, तर फिरत्या डिस्कवरून ५ ते १० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ घन-अवस्था डिस्क मेमरीपेक्षा सुमारे हजारपट आणि फिरती डिस्क ५० हजार ते १ लाख पट मंद असते. वारंवार लागणारी माहिती मेमरीत मावणे हा म्हणूनच सर्वाधिक परिणामकारक उपाय ठरतो. १०० पैकी ९० वाचने मेमरीतून भागत असतील तर डिस्कवर १० जातात. ९५ भागू लागल्यास ५ जातात. म्हणजे मेमरीचा वाटा केवळ ५ टक्क्यांनी वाढल्याने डिस्कवरील भार निम्मा होतो.

मेमरीतील एखादा बिट आपोआप बदलल्यास चुकीची रक्कम कायमची लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणून डेटाबेस सर्व्हरमध्ये अशी चूक ओळखून सुधारणारी ईसीसी मेमरी आवश्यक मानली जाते.

साठवण

मिनिटाला १५,००० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला २५० फेरे पूर्ण करते. एका फेऱ्यास ४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी २ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ त्यात मिळवल्यास अशी एक डिस्क सेकंदाला सुमारे १७० ते २०० विखुरलेली वाचनेच करू शकते. पूर्वी मोठ्या डेटाबेससाठी शेकडो डिस्क लावाव्या लागत; त्यामागे जागेची गरज कमी आणि वाचनांची संख्या वाढवण्याची गरज अधिक असे. आजची एक एनव्हीएमई डिस्क सेकंदाला लाखो वाचने करते.

लेखनाच्या बाबतीत टिकाऊपणा कळीचा असतो. व्यवहार पूर्ण झाल्याचे कळवण्यापूर्वी त्याची नोंद व्यवहार-नोंदवहीत लिहून ती कायमस्वरूपी माध्यमावर पोहोचल्याची खात्री डेटाबेस करून घेतो. काही स्वस्त डिस्क माहिती स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत असतानाच 'लिहिली' असे उत्तर देतात. अशा वेळी वीज गेल्यास पूर्ण झालेले व्यवहार नाहीसे होतात. वीज खंडित झाल्यावर हातातील लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे संधारित्र असलेल्या डिस्क याच कारणासाठी महाग असूनही घेतल्या जातात.

अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. रेड ५ या मांडणीत एका लहान लेखनासाठी जुनी माहिती व जुनी पडताळणी वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे अशा चार क्रिया होतात. रेड १० मध्ये माहिती केवळ दोन डिस्कवर लिहिली जाते. रेड ५ मध्ये जागा वाचते, परंतु व्यवहारप्रधान डेटाबेससाठी सहसा रेड १० पसंत करतात.

संचालन प्रणाली

डेटाबेस आज्ञावली मेमरी, डिस्क आणि जाळे यांच्याशी संचालन प्रणालीमार्फतच बोलते. त्यामुळे त्याच यंत्रावर संचालन प्रणालीच्या मांडणीने मोठा फरक पडतो. मेमरीच्या पानांचा आकार हे त्याचे एक उदाहरण होय. सर्वसाधारण पान ४ किलोबाइटचे असते. डेटाबेसने ६४ गिगाबाइट सामायिक मेमरी घेतल्यास तिची १,६७,७७,२१६ पाने होतात. प्रत्येक पानाच्या नोंदीस ८ बाइट धरल्यास एका प्रक्रियेची पान-सारणी १२८ मेगाबाइटची होऊ शकते. पोस्टग्रेएसक्यूएलप्रमाणे प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया असल्यास आणि अशा ५०० प्रक्रियांनी सर्व सामायिक मेमरी हाताळल्यास, केवळ पान-सारण्यांनाच सुमारे ६२ गिगाबाइट लागतील. पाने २ मेगाबाइटची ठेवल्यास हीच संख्या प्रत्येक प्रक्रियेमागे ३२,७६८ नोंदींवर येते. मोठी पाने आधीच राखून ठेवण्याचा सल्ला यामुळेच दिला जातो.

लेखनातील दोष संचालन प्रणाली कसा कळवते हेही महत्त्वाचे असते. २०१८ मध्ये असे निदर्शनास आले की लिनक्समध्ये डिस्कवरील लेखन अयशस्वी झाल्यावर डेटाबेसने तीच विनंती पुन्हा केल्यास ती यशस्वी झाल्याचे उत्तर मिळू शकते, प्रत्यक्षात माहिती मात्र डिस्कवर पोहोचलेली नसते. पोस्टग्रेएसक्यूएलने २०१९ च्या आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये यावर उपाय केला. आता असे अपयश आढळताच डेटाबेस थांबतो आणि व्यवहार-नोंदवहीतून स्वतःची पुनर्बांधणी करतो.

देवनागरी मजकूर

मराठीतील नोंदी साठवणाऱ्या डेटाबेससाठी मंचाच्या निवडीला आणखी एक पैलू आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक संकेतचिन्हास ३ बाइट लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात स्वरचिन्हे व हलन्तचिन्हे धरून १० संकेतचिन्हे आहेत. म्हणजे तो ३० बाइट व्यापतो. यूटीएफ-१६ संकेतनात त्याच शब्दाला २० बाइट पुरतात. रोमन लिपीतील नमुना माहितीवरून काढलेला जागेचा अंदाज मराठी नोंदींना म्हणूनच लागू पडत नाही.

अधिक सूक्ष्म अडचण अकारविल्ह्याची आहे. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' नंतर आणि 'व' च्या आधी येते, तर मराठी वर्णमालेत ते 'ह' नंतर येते. 'क्ष' आणि 'ज्ञ' मराठी वर्णमालेच्या शेवटी असतात. संकेतक्रमाने मात्र ते अनुक्रमे 'क' आणि 'ज' यांच्या गटात जातात. कोणता क्रम वापरायचा हे अनेकदा संचालन प्रणालीचे भाषा-ग्रंथालय ठरवते. २०१८ मध्ये लिनक्समधील जीएलआयबीसी या ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. त्यावर विसंबलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या जुन्या सूची नव्या क्रमाशी विसंगत ठरू शकत होत्या. अशा वेळी नाव डेटाबेसमध्ये असूनही शोधात सापडत नाही. संचालन प्रणालीची आवृत्ती बदलल्यावर मजकुरावरील सूची नव्याने बांधणे हा त्यावरील उपाय आहे.

परवाने आणि खर्च

व्यापारी डेटाबेसचा परवाना सहसा प्रोसेसरच्या गाभ्यांवर आकारला जातो आणि तो यंत्राच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीची यादीतील किंमत दीर्घकाळ प्रति प्रोसेसर ४७,५०० डॉलर राहिली आहे. इंटेल व एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी एक गाभा म्हणजे अर्धा प्रोसेसर, तर आयबीएम पॉवरसाठी एक गाभा म्हणजे एक प्रोसेसर असे धरले जाते. या हिशेबाने ६४ गाभ्यांच्या एक्स८६ यंत्रासाठी ३२ परवाने, म्हणजे यादीतील किमतीने १५,२०,००० डॉलर लागतात. वार्षिक आधारशुल्क २२ टक्के धरल्यास दरवर्षी ३,३४,४०० डॉलर वेगळे लागतात. तेच काम अधिक वेगवान अशा १६ गाभ्यांत बसल्यास परवान्याचा खर्च ३,८०,००० डॉलरवर येतो. प्रत्यक्ष खरेदीत सवलत मिळत असली तरी प्रमाण तेच राहते. त्यामुळे परवानाधारित डेटाबेससाठी कमी परंतु वेगवान गाभे, आणि मुक्तस्रोत डेटाबेससाठी अधिक गाभे, असा कल दिसतो.

आकारमानाचा अंदाज

अंदाजाची पद्धत एका मानीव उदाहरणाने स्पष्ट होते. पुण्याच्या वारजे भागात मुख्यालय असलेल्या एखाद्या सहकारी बँकेत ५ लाख खाती आहेत आणि दिवसाला ६ लाख व्यवहार होतात असे समजू. त्यांपैकी २ लाख व्यवहार गर्दीच्या दोन तासांत होत असतील, तर सेकंदाला सरासरी २८ व्यवहार होतात. क्षणिक उसळी पाचपट धरल्यास १४० व्यवहार होतात. प्रत्येक व्यवहारास २० वाचने लागत असतील तर सेकंदाला २,८०० वाचने होतील; त्यांतील ९५ टक्के मेमरीतून भागल्यास डिस्कवर १४० वाचने उरतात. १५,००० फेऱ्यांची एक फिरती डिस्क यात जवळजवळ संपून जाते, तर एका एनव्हीएमई डिस्कला हा भार नगण्य आहे.

प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीस सूचींसह ६०० बाइट धरल्यास दिवसाला ३६० मेगाबाइट, वर्षाला सुमारे १३१ गिगाबाइट आणि १० वर्षांत सुमारे १.३ टेराबाइट जागा लागेल. हे सर्व आजच्या मध्यम सर्व्हरच्या आवाक्यातील आहे. अशा बँकेने अधिक मोठ्या यंत्रावर खर्च करण्याऐवजी दुसरे यंत्र, दूरच्या केंद्रातील प्रतिकृती आणि नियमित पुनर्स्थापना चाचणी यांवर खर्च करणे अधिक हिताचे ठरते. खात्यांवरील व्याजआकारणीसारख्या, सर्व खाती एका रात्रीत हाताळणाऱ्या कामांचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो.

प्रतिकृती आणि अंतर

एक केंद्र नष्ट झाल्यास काम चालू राहावे म्हणून दुसऱ्या ठिकाणी प्रतिकृती ठेवतात. दोन्ही ठिकाणी लेखन झाल्यावरच व्यवहार पूर्ण मानल्यास माहिती गमावली जात नाही, परंतु प्रत्येक व्यवहाराला अंतराची किंमत मोजावी लागते. प्रकाशतंतूत संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई १५० किलोमीटर तंतुमार्ग धरल्यास जाण्यायेण्यास १.५ मिलिसेकंद लागतात. मुंबई ते चेन्नई १,००० किलोमीटर धरल्यास १० मिलिसेकंद. दुसऱ्या बाबतीत एकामागून एक होणारे व्यवहार सेकंदाला १०० हून अधिक होऊ शकत नाहीत. मोठ्या संस्था म्हणून जवळ एक समकालिक प्रतिकृती आणि वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात दूर एक मागाहून अद्ययावत होणारी प्रतिकृती अशी त्रिस्थळी रचना करतात.

उदाहरणे

मुंबईतील रोखेबाजार

राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे संगणकीय व्यवहार सुरू केले. त्यासाठी स्ट्रॅटस कंपनीची दोषसहिष्णु यंत्रे निवडण्यात आली. मुंबई शेअर बाजाराची बोल्ट ही प्रणाली १४ मार्च १९९५ रोजी टँडम कंपनीच्या यंत्रांवर सुरू झाली. या दोन्ही मंचांत प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी असतो आणि एक भाग निकामी झाल्यावर दुसरा काम थांबू न देता पुढे चालवतो. सौदा गमावणे परवडत नाही, ही या निवडीमागील भूमिका होती. २०१३–१४ मध्ये मुंबई शेअर बाजाराने जर्मनीच्या डॉयचे बोर्सची टी७ ही प्रणाली स्वीकारली. दोषसहिष्णुता एका खास यंत्रात न ठेवता अनेक सामान्य यंत्रांवरील आज्ञावलीत आणण्याच्या जागतिक प्रवाहाशी हा बदल सुसंगत होता.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबवावे लागले. ते दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू होऊन सायंकाळी ५ वाजेपर्यंत चालले. बाजाराने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार दूरसंचार जोडण्यांतील अस्थिरतेचा परिणाम मुख्य केंद्रातील साठवण-जाळ्यावर झाला आणि समाशोधन संस्थेची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली. सौद्यांची मुख्य प्रणाली सुस्थितीत असूनही व्यवहार थांबले. सर्व्हर दुहेरी असले तरी ते एकाच साठवण-जाळ्यावर विसंबून असल्यास संपूर्ण रचना त्या एका दुव्याइतकीच भक्कम राहते, हे या घटनेने दाखवून दिले.

रेल्वे आरक्षण

भारतीय रेल्वेची संगणकीय प्रवासी आरक्षण सेवा १९८५–८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पुढे रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने कॉन्सर्ट ही आज्ञावली विकसित करून मुंबईसह निरनिराळ्या शहरांतील केंद्रे एकमेकांना जोडली. ही प्रणाली डिजिटल कंपनीच्या ओपनव्हीएमएस या संचालन प्रणालीवर उभी राहिली. आरक्षणाचा भार दिवसभर सारखा नसतो. आगाऊ आरक्षण सकाळी ८ वाजता, वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण १० वाजता आणि अन्य वर्गांचे ११ वाजता खुले होते. त्या पहिल्या काही मिनिटांतील मागणीवरूनच यंत्राची क्षमता ठरवावी लागते.

डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने आणि कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीने घेतली. अल्फा प्रोसेसर बंद करण्याची घोषणा २००१ मध्ये झाली आणि ओपनव्हीएमएस इटॅनियमवर नेण्यात आले. पुढे इटॅनियमही मावळला. आरक्षण प्रणाली २०१० मध्ये बसवलेल्या इटॅनियम सर्व्हरवर आणि ओपनव्हीएमएसवर चालत असून ती नव्या तंत्रज्ञानावर नेण्याचे काम हाती घेतले आहे, असे रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. नव्या प्रणालीची क्षमता मिनिटाला सुमारे ३२,००० तिकिटांवरून दीड लाखांहून अधिक तिकिटांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. तीन दशकांहून अधिक काळ अखंड सेवा देणारा मंचही अखेर बदलावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील दस्तनोंदणी

महाराष्ट्राच्या नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रकांचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. २००२ पासून वापरात आलेल्या सरिता प्रणालीत प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात स्वतंत्र यंत्रणा होती. नंतर आलेली आय-सरिता ही केंद्रीय सर्व्हरवर चालते. केंद्रीकरणाने एका कार्यालयातील दस्त अन्यत्र शोधणे सुलभ झाले. मात्र पूर्वी एका कार्यालयापुरता राहणारा बिघाड आता सर्व कार्यालयांना जाणवू शकतो. त्यामुळे केंद्रीय मंचाच्या उपलब्धतेची आवश्यकता पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली.

१ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्य शासनाने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांनी कमी केले. वारजे, बावधन, कोथरूड यांसारख्या नव्या गृहप्रकल्पांच्या भागांतील सदनिकाधारकांसाठी ही रक्कम लाखांत जात होती, आणि मुदतीच्या शेवटी नोंदणीसाठी गर्दी उसळली. त्या वेळी मुदतीपूर्वी मुद्रांक शुल्क भरल्यास नोंदणी पुढील चार महिन्यांत करता येईल, असे स्पष्ट करण्यात आले. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ मध्ये दस्त सादर करण्यासाठी चार महिन्यांची तरतूद आहेच. यामुळे एका दिवसात येऊ शकणारा भार अनेक आठवड्यांत विभागता आला. क्षमता वाढवणे हाच गर्दीवरील एकमेव उपाय नसून कार्यपद्धतीतूनही ती विरळ करता येते, हे यावरून दिसते.

आधार

पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला आणि एप्रिल २०१६ मध्ये आधारधारकांची संख्या १०० कोटींवर पोहोचली. प्रत्येक नव्या नोंदणीची बोटांचे ठसे व बुबुळे यांच्या आधारे आधीच्या सर्व नोंदींशी तुलना करावी लागते. म्हणजे नोंदी वाढतात तसे प्रत्येक नव्या नोंदीमागील कामही वाढते. प्राधिकरणाने यासाठी एक महाकाय यंत्र न घेता लिनक्सवर चालणारी अनेक सामान्य एक्स८६ यंत्रे आणि हडूप, एचबेस, मायएसक्यूएल यांसारख्या मुक्तस्रोत आज्ञावल्या निवडल्या. कोणत्याही एका उत्पादकावर अवलंबून न राहणे हे या रचनेचे घोषित तत्त्व होते. अशा आडव्या विस्तारात यंत्रे हळूहळू बदलता येतात. मात्र माहितीचे तुकडे करणे, ते सुसंगत ठेवणे आणि निकामी यंत्रे वगळणे ही जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यांवर येते.

मंच बदलणे

मंच नामशेष होण्याची प्रक्रिया संथ असते. इटॅनियमचा पहिला प्रोसेसर २००१ मध्ये आला. मार्च २०११ मध्ये ओरॅकलने त्यासाठी नव्या आवृत्त्या काढणे थांबवण्याची घोषणा केली. एचपीने न्यायालयात दाद मागितली, २०१२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१६ मध्ये ज्यूरीने ३ अब्ज डॉलर भरपाई ठरवली. तरीही इंटेलने जुलै २०२१ मध्ये अखेरचे प्रोसेसर रवाना केले आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स गाभ्याच्या ६.७ आवृत्तीतून इटॅनियमचा आधार काढण्यात आला. न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला तरी मंचाचे आयुष्य वाढत नाही.

बदलातील पहिला अडसर बाइट-क्रमाचा असतो. स्पार्कवरील सोलारिस, पॉवरवरील एआयएक्स आणि इटॅनियमवरील एचपी-यूएक्स यांत संख्येचा सर्वांत मोठा अंश आधी साठवला जातो. एक्स८६मध्ये तो शेवटी असतो. त्यामुळे डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा नव्या यंत्रावर नेता येत नाहीत. त्या रूपांतरित कराव्या लागतात किंवा माहिती निर्यात करून पुन्हा भरावी लागते. दुसरा अडसर डेटाबेसमध्येच लिहिलेल्या आज्ञावल्यांचा असतो. उत्पादकाच्या खास भाषेत लिहिलेल्या हजारो कार्यपद्धती नव्याने लिहिण्यास माहिती हलवण्यापेक्षा अधिक काळ लागतो. म्हणून खरेदीच्या वेळीच माहिती सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढण्याची चाचणी घ्यावी, तसेच यंत्र, संचालन प्रणाली आणि डेटाबेस या तिन्हींच्या आधाराच्या अंतिम तारखा एकत्र मांडाव्यात, अशी शिफारस केली जाते. त्यांतील सर्वांत जवळची तारीख हीच संपूर्ण मंचाची तारीख असते.

मेघसेवा घेतल्याने यंत्रखरेदीचा प्रश्न संपतो, परंतु वरील प्रश्न संपत नाहीत. साठवणीचा वेग, केंद्रांतील अंतर आणि परवाने यांची निवड तेथेही करावी लागते. सेवादात्याच्या खास डेटाबेसवर विसंबल्यास बाहेर पडण्याची अडचण नव्या रूपात कायम राहते.

पुण्यातील संबंधित उद्योग

डेटाबेस आणि त्याखालील मंच यांच्याशी निगडित बरेच काम पुण्यात होते. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी स्थापन केलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सची सुरुवातीची ओळख डेटाबेस तंत्रज्ञानातील कामामुळे झाली. व्हेरिटास कंपनीचे संशोधन व विकास केंद्र १९९० च्या दशकापासून पुण्यात होते. तिची फाइल-प्रणाली आणि खंड-व्यवस्थापक सोलारिस व एचपी-यूएक्सवरील मोठ्या ओरॅकल डेटाबेसखाली मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. लिनक्स वितरक रेड हॅट आणि पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारी एंटरप्राइझडीबी यांचीही केंद्रे शहरात आहेत.

हेही पहा

विदागार
संचालन प्रणाली
लिनक्स
पोस्टग्रेएसक्यूएल
प्रगत संगणन विकास केंद्र
आधार
वारजे